‘झकास माहेर’विरुद्ध हरकत

मुलुंड, ४ ऑगस्ट २०२५

चि. विनिता हिस अंबादासमामाचे अनेक आशीर्वाद.

प्रस्तुत पत्रात मला एवढेच सिद्ध करावयाचे आहे : इंटरनेटवर सापडलेली वस्तू बेवारस नसते, आणि तुझ्या दिवंगत आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज तर नाहीच नाही.

वर्सोव्याच्या प्रज्योत नावाच्या तरुणाने बोंबील वाळत घालण्याच्या व्हिडिओला जयंतीने म्हटलेले गौरीचे गाणे जोडले आहे. जाब विचारता त्याने कळवले की गाणे पारंपरिक आहे, नेटवर मोकळे होते, म्हणून घेतले. शब्द कोणा एकाचे नाहीत, हे मान्य. परंतु त्यावरून गळाही कोणाचा नाही, असा निष्कर्ष निघत नाही. पुरणपोळीची कृती सर्वांची असते. म्हणून शेजारणीच्या ताटातली पोळी कोणी उचलून नेत नाही.

तेच गाणे ‘झकास माहेर’ असले उथळ नाव लावणाऱ्या आणखी कोणाकडे आढळले. दोघांविरुद्ध मी गेल्याच आठवड्यात व्हिडिओच्या त्या साइटकडे हरकत नोंदवली, आणि प्रज्योतकडून सर्व प्रती नष्ट करण्याची लेखी हमी घेतली. तू भिडस्त, म्हणून आधी कळवले नाही.

गौरी-गणपतीस येईनच. म्हातारा फार कायदा सांगतो म्हणून लोभ उणा करू नकोस.

तुझा,
अंबादासमामा

भांडुप, ११ ऑगस्ट

ती. अंबादासमामांस सा. न.

मामा, फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते. ‘झकास माहेर’ मीच आहे.

आईचं ते गाणं मीच स्वयंपाकघरात फोनवर घेतलं होतं. शेवटी, दूध उतू जाईल, आता बंद कर ते, म्हणून ती मला ओरडते. हरवू नये म्हणून नेटवर ठेवलं. पुढे फोन बिघडला, टाकून दिला. तुमच्या पत्राआधी साइटची नोटीस आली, की कायदेशीर कारवाई होऊ शकते. हरकत कोणाची, हे बघायचंही भान राहिलं नाही. घाबरून सगळं खातंच पुसलं. मग तुमचं पत्र उघडलं.

या गौरीला आईचा आवाज घरात लावायचा होता हो. आता माझ्याकडे काहीच नाही.

त्या प्रज्योतला शोधून फोन केला. तुमच्या मामांनी माझी पार वाट लावली, हे आधी ऐकवलं त्याने. पण प्रत आहे. मेलेल्या बाईचा आवाज आपल्या हाताने पुसायचा नाही, असं त्याच्या आजीने, मथुराबाईंनी, बजावलंय. मात्र मला द्यायलाही तयार नाही. हमी मोडली तर मामा कोर्टात खेचतील, म्हणतो. तुमचं सहीचं पत्र हवं त्याला. त्याने व्हिडिओ पुन्हा लावला तरी चालेल मला, आईचं नाव घातलं की पुरे.

लिहा ना मामा. रागावलेय खूप, पण तुमच्यावरची माया काही पुसली जात नाही.

तुमची,
विनिता

मुलुंड, १४ ऑगस्ट

श्री. प्रज्योत यांस स. न.

मला दिलेल्या हमीतून मी आपणांस या पत्राने मुक्त करतो. हरकतही मागे घेतली आहे. आपणांपाशी असलेली प्रत माझी भाची विनिता हिला द्यावी. आपला व्हिडिओ खुशाल पुन्हा लावावा. खाली ‘गायिका : जयंती’ एवढे लिहावे.

न विचारता घेऊ नये, हे माझे मत आजही कायम आहे. म्हणून विचारतो. व्हिडिओत आपण गाण्याचा शेवट कापला आहे. मूळ प्रतीत जयंती दूध उतू जाईल म्हणून ओरडते, ते अजून असेल का? असल्यास कृपया त्याला हात लावू नये.

आजींना माझा नमस्कार सांगावा. त्यांचे म्हणणे आपण ऐकलेत, माझे नाही, याबद्दल ऋणी आहे.

कबुली : जयंतीच्या आवाजाचा हक्क सांगताना मी तिच्या मुलीला एका शब्दाने विचारले नाही आणि तिलाच परकी ठरवले. ही चूक सर्वस्वी माझी.

(सही)
अंबादास