पेनल्टी नव्हतीच!

चंडीगढ, सेक्टर पंधरा,
मार्च १९८८

तीर्थस्वरूप विश्वनाथमामांना भाचा हेरंब याचा दंडवत. (कागदावरच मानून घ्यावा. माझा गुडघा सुजला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष घातला असता तर उठवायला दोन माणसं लागली असती.) तुमचा दमा कसा आहे? मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे पेपरात वाचून तुम्ही जेवढी काळजी करता त्यापेक्षा खुशाल आहोत. युनिव्हर्सिटी चालू आहे, मी मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे, आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी परततात. मात्र सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याचं कारण अतिरेकी नाहीत. त्याचं कारण एक रेफरी आहे.

मामा, तुम्ही मला लहानपणापासून स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेजारी बसवून फुटबॉल दाखवलात. कोल्हापूरच्या माणसाला पेनल्टी कशाला म्हणतात हे कुणी शिकवायची गरज नाही, एवढं तुम्ही मान्य कराल. तर इथल्या महाराष्ट्र मंडळाने (मी त्याच्या संघाचा व्यवस्थापक आहे, म्हणजे लिंबं चिरतो आणि ओरडतो) बावीस सेक्टरमधल्या दुकानदारांच्या संघाशी रविवारी सामना ठरवला. त्यांचा कप्तान जसबीरसिंग, मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. दारासारखा रुंद माणूस, पण पळतो असा, की आपल्या पेठेतल्या पोरांनी बघत राहावं. पोलिसांनी परवानगी दिली ती उजेड असेपर्यंतची, आणि मैदानाभोवती सीआरपीचे जवान उभे करून. आमच्या खेळाबद्दल काय सांगू! आमचे हाफबॅक बॉल आला की आधी सभ्यपणे बाजूला होतात. फॉरवर्ड दोघेही संशोधक, त्यामुळे गोलासमोर पोचल्यावर विचारात पडतात. तरीही मध्यंतरापर्यंत बरोबरी होती, आणि याचं सगळं श्रेय आमचा गोलकीपर गुरुनाथ याला आहे. विमा कंपनीत कारकून आहे, शांत स्वभावाचा, पण गोलात उभा राहिला की मांजरासारखा.

मध्यंतरानंतर आमच्या डॉ. नरेशने (हा हाडांचा डॉक्टर, आमचा फुलबॅक) बॉल एवढ्या जोरात उडवला, की तो भिंतीवरून थेट रस्त्यावर गेला. आता इकडे टीव्हीवर, रेडिओवर, बसमध्ये एकच घोषणा चालू असते, की बेवारस वस्तूला हात लावू नका. झालं! शिट्ट्या वाजल्या, वाहतूक थांबली, आणि आमचा बॉल रस्त्याच्या मधोमध एकटा पडून राहिला. जवान लांबून त्याच्याकडे बंदुका रोखून उभे. मी ओरडून सांगत होतो की आत हवा आहे, फक्त हवा! हवालदार म्हणाला, सगळे असंच म्हणतात. बॉल कुणाचा, असं विचारल्यावर आमच्या मंडळाचे सगळे सभासद बुटाच्या नाड्या बांधायला वाकले. शेवटी जसबीर पुढे झाला, “मेरा है जी,” म्हणाला आणि जाऊन स्वतःच्या हाताने उचलून आणला. या सगळ्यात उजेड चालला होता, हे लक्षात घ्या.

आणि मग तो अन्याय घडला. रेफरी आम्हीच आणला होता. चंडीमंदिरच्या छावणीतला कॅप्टन अविनाश, आपला साताऱ्याकडचा. मराठी माणूस शिट्टी वाजवणार म्हटल्यावर आम्ही निर्धास्त होतो. (पक्षपात करावा अशी आमची अजिबात इच्छा नव्हती. थोडं समजून घ्यावं, एवढंच.) जसबीर बॉल घेऊन आमच्या पेनल्टी एरियात घुसला, नरेश आडवा झाला, जसबीर पडला, आणि कॅप्टनसाहेबांनी शिट्टी फुंकून बोट दाखवलं. पेनल्टी! मामा, नरेशचा पाय बॉलला लागला होता. बॉलला लागून मग जसबीरच्या नडगीला लागला, हे खरं. नडगी फुटली, रक्त आलं, हेही खरं. पण क्रम महत्त्वाचा आहे की नाही? मी मैदानात धावत गेलो आणि कॅप्टनला मराठीत दोन गोष्टी सांगितल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला लिंबांकडे परत जायला सांगितलं.

पुढचं ऐका. जसबीरच्या माणसाने पेनल्टी मारली, आणि गुरुनाथने ती अडवली! पण झेप घेताना त्याचा खांदा गोलच्या खांबावर आपटला. खांब म्हणजे काय, तर नळाचा जुना लोखंडी पाइप. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. आमच्या सुरक्षेसाठी मैदानाभोवती एवढ्या बंदुका, आणि खांबाला एक जुनी गादी गुंडाळावी हे कुणालाच सुचलं नाही! माझा जीव त्या पोरासाठी तुटत होता, आणि या कॅप्टनने काय करावं? आधी अंगातला स्वेटर काढून गुरुनाथचा हात गळ्यात बांधला, त्याला पाणी पाजलं, बाजूला नेऊन बसवलं, आणि परत येऊन म्हणाला, गोलकीपर किक मारण्याआधी हलला होता, पेनल्टी परत घ्या.

आमच्याकडे दुसरा गोलकीपर नव्हता. हातमोजे फक्त माझ्याकडे होते (तुमच्या भाचेसुनेने, सुहासिनीने विणलेले, लोकरीचे). मी उभा राहिलो. बॉल माझ्या दोन पायांमधून गेला, त्याच्यामागे वाकताना गुडघा दुखावला, आणि आम्ही एका गोलने हरलो. याला फुटबॉल म्हणायचं का?

संध्याकाळी बस बंद होतात, म्हणून जसबीर स्वतःच म्हणाला, चलो, माझ्या मॅटाडोर व्हॅनमधून गुरुनाथला हॉस्पिटलात नेऊ. कॅप्टन गाडी चालवत होता, शेजारी लंगडणारा जसबीर, मागे गुरुनाथ, नरेश आणि मी. मी वाटभर पेनल्टी कशी नव्हती ते समजावत होतो, आणि नरेश मान डोलवत होता. एका नाक्यावर पोलिसांनी अडवलं आणि गुरुनाथ सोडून सगळ्यांना उतरवलं. आम्हाला वरवर चाचपलं. जसबीरच्या पायजम्यावर मात्र रक्त दिसलं आणि फौजदाराचा आवाज बदलला.

“ये खून कहाँ से आया?”

“मॅच में लगी जी. डॉक्टर साब ने मारी.”

“डॉक्टर ने?” फौजदार हसला, पण ते हसू बरं नव्हतं. दोघांनी जसबीरचे दंड धरले आणि त्याला वाळूच्या पोत्यांमागे न्यायला लागले. कॅप्टनने आपली ओळख सांगितली, कार्ड दाखवलं. फौजदार म्हणाला, आप जाइए साब, इसको छोड़ जाइए. कॅप्टन जागचा हलला नाही. म्हणाला, “मी रेफरी होतो. माझ्या डोळ्यांसमोर लागलंय. हा माणूस माझ्याबरोबर आला, माझ्याबरोबरच जाईल.”

मग फौजदार नरेशकडे वळला. मामा, माणसाची सवय बघा! नरेश म्हणाला, “मैंने तो सिर्फ बॉल को...” जसबीर आमच्याकडे बघत होता. एवढा दारासारखा माणूस, पण चेहरा असा उतरला होता, की मला बघवेना. नेलेले सगळेच परत येतात असं नाही, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. मॅटाडोरमधून गुरुनाथ कळवळून ओरडला, “पेनल्टी होती म्हणा की हो!”

मी लंगडत पुढे झालो (गुडघा!). म्हणालो, “इन्होंने ही मारा है जी. मैंने खुद देखा. साफ फाउल था. पेनल्टी बनती थी.” नरेशनेही मान खाली घालून कबूल केलं, आणि मारलं कसं ते बूट वर करून दाखवलं. फौजदार आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने जसबीरला सोडायची खूण करत हात झटकला.

गाडी सुरू झाली. जसबीर मांडीवर बॉल घेऊन बसला होता, तो त्याने दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला होता. हॉस्पिटलच्या फाटकाशी तो म्हणाला, “प्रोफेसर साब, इतनी देर क्यों लगाई?” मग स्वतःच मोठ्याने हसला. नरेशने दोघांनाही तपासलं, गुरुनाथचा खांदा बांधला, आणि स्वतःच फोडलेल्या नडगीला स्वतःच टाके घातले.

तरी मामा, बंदुकीसमोर दिलेली साक्ष कोर्टात धरत नाहीत. ती मी माणुसकीखातर दिली. खेळाच्या दृष्टीने माझं मत होतं तेच आहे. कळावे, लोभ आहेच, तो हा पराभव ऐकूनही राहावा.

तुमचा,
हेरंब

ता. क. तुमच्या पत्राचं उत्तर राहिलंच. तुमच्या निशिगंधेसाठी ज्या कॅप्टनचं स्थळ आलंय त्याला जरा बघून ये, असं तुम्ही लिहिलं होतं. बघितला. तोच हा. माणूस हट्टी आहे, आपलं-परकं बघत नाही, आणि सोबत आलेल्याला सोडून जात नाही. मुलगी डोळे मिटून द्यावी.

ता. क. दुसरा. तो पुढच्या महिन्यात रजेवर येतोय, तेव्हा तुमच्याकडे येईल. निशिगंधेला फुटबॉलमधलं काही कळतं का, असं त्याने मला विचारलं. ती स्टेडियमवर रेफरीला काय काय म्हणते ते मला माहीत आहे, त्यामुळे मी “अजिबात नाही” म्हणालो. तेव्हा त्या दिवशी तिला आवरा, आणि हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नका. ती माझ्याच बाजूची निघेल आणि जमलेलं मोडेल. मात्र चुकून वाचलंच, आणि वाचून “पेनल्टी होती” म्हणाली, तर तारीख काढायला उशीर करू नका.