सरांचा मुलगा

पप्पा,

सध्या महाळुंग्यात टेम्पोवर आहे. मध्ये तळवड्याला होतो, पण तिथला मालक... असो, ते राहू द्या.

वर्षालीचा फोन आला होता. तुमच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या एकाच मुलाला फी माफ, आणि ती सवलत माझ्या नावावर अडकलीय, मी वर्षभर वर्गात नसलो तरी. म्हणून तिची ॲडमिशन थांबलीय. "दादा, तूच नाव काढ. पप्पा नाही काढणार." तुम्ही म्हणे अजून सगळ्यांना सांगता, पोरगा इथंच शिकतोय.

काल नाव काढायला कॉलेजच्या गेटपर्यंत आलो होतो. वॉचमन गुलजारचाचांनी कार्डसुद्धा मागितलं नाही. "सरांचा मुलगा ना, जा आत." मी तिथूनच मागं फिरलो, वडापाव खाल्ला.

उद्या नाव काढतो, कार्डही जमा करतो. पुढच्या वेळी चाचांनी कार्ड मागितलं, तर तुम्हाला बाहेर बोलवीन. याल ना?

तुमचाच,
सुजित