खिळ्यावरचा निळा ड्रेस

सोमवार, संध्याकाळ

आज परत तोच निळा ड्रेस खिळ्याला! लेक सुमी म्हणायची, "आई, हा अंगात बसला की झालं." वजन उतरलं, दिवाळीत ड्रेस बसला, मी पेढे वाटले. अन् हिनं काय केलं? शहागंजातल्या टेलरकडून आणखी आवळून आणला, पुन्हा खिळ्याला टांगला. आज तिसऱ्यांदा. शेजारची शबानाभाभी म्हणती, "क्या फिगर बनाई!" कसली फिगर? सकाळी पोरगी मोरीत चक्कर येऊन पडली. मी एकटीनं उचलली, तर हाताला वजनच लागंना. लई भ्या वाटलं. ड्रेस लहान व्हत चाललाय, पोरगी कुठवर बारीक व्हणार? विचारलं तर म्हणती, "अजून थोडंच." थोडं म्हंजे किती, सुमे? कुठं थांबणार, ते रविवारच्या आत माझ्या तोंडावर सांग.