न धुतलेला स्वेटर

९ जानेवारी

शर्टावरचा डाग ओळखता आला नाही! मला!

लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर इतकी वर्षं गेली. कापड नाकाशी धरलं की सांगायचे – हे तेल, हा चहा, हे अत्तर, आणि हे जे आहे ते गिऱ्हाईक कधीच कबूल करणार नाही. आजही धरलं तर काहीच नाही. तापानं नाक नेलं ते नेलंच. ताप उतरून दोन महिने होत आले. मालकांना अजून पत्ता नाही. शेजारची इस्त्रीवाली गुपचूप वास घेऊन मला खूण करते. तिला आम्ही डॉक्टरीणबाई म्हणतो. तिच्याकडे सगळ्यावर उपाय असतो, डोकेदुखीपासून सासूपर्यंत.

१० जानेवारी

मला अत्तर नको, चहाही नको. एकच वास हवाय.

कपाटाच्या खालच्या खणात आईचा निळा स्वेटर आहे. शेवटच्या दिवसांत तोच अंगात असायचा. मी दिवसभर जगाचे कपडे धुते, पण हा धुतला नाही. जाड पिशवीत घालून गाठ मारून ठेवलाय. आठवण फारच अनावर झाली की गाठ सोडायची, एक श्वास घ्यायचा, परत गाठ. डोक्याचं तेल, छातीचं मलम, आणि त्याखाली ती. पुरवून पुरवून वापरत होते.

ताप उतरल्यापासून पिशवीला हात लावलेला नाही. उघडली तर आहे तो वास उडून जायचा, आणि माझ्या वाट्याला काहीच यायचं नाही. नाक परत येईल तेव्हाच उघडायची. तोवर टिकेल ना तो?

१३ जानेवारी

डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. तिला हसू येईल असं वाटलं होतं, तर तिचेच डोळे भरले. मग लगेच उपाय!

“अगं, आपलं डाग काढायचं पेरॉक्साइड! पाण्यात घालायचं, दम्यावाले वाफ घेतात त्या मशीनमधून ओढायचं. आत सगळं धुऊन निघतं. मी व्हिडिओ पाहिलाय, कितीतरी लोक करतात.”

“आपण तर ते हातमोजे घालून वापरतो की.”

“ते कडक असतं म्हणून. पातळ केल्यावर काय होतंय!”

रक्ताच्या डागावर थेंब टाकला की कसा फसफसतो, बघता बघता चादर पांढरीफटक – हे मी रोज बघते. माझ्या नाकातही असाच काहीतरी डाग बसला असेल, असं मनानं घेतलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: वाफ श्वासात घेऊ नये. रोज डोळ्यांसमोर असतं ते. आज पहिल्यांदा नीट वाचलं आणि डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

१५ जानेवारी

लहान बाटलीत भरून आणलं. मशीन आईचंच, दम्यासाठी घेतलेलं. मास्कही तिचाच. तोंडावर चढवला तेव्हा क्षणभर पेरॉक्साइड वगैरे विसरलेच. इथे तिचं नाक असायचं.

डागासाठी करते तसंच अंदाजानं पातळ केलं. बटण दाबलं. तीच घरघर. दोन श्वासांत घशाला चटका बसला, डोळ्यांतून पाणी.

दारात बाबा. “बरं वाटतंय का गं? पाणी देऊ?”

माझ्याशी ते कधीच इतक्या हळू बोलत नाहीत. तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच. मग मी दिसले. त्यांचा चेहरा असा उतरला!

“बंद कर ते. मला तो आवाज नको घरात.”

सर्दीचं औषध आहे, असं सांगून वेळ मारून नेली.

१६ जानेवारी

घसा चुरचुरतोय. डॉक्टरीणबाई म्हणते, म्हणजे लागू पडतंय!

१९ जानेवारी

बाबा फिरायला गेले की मशीन काढते. खोकला थांबत नाही. पण आज मास्क काढताना रबराचा वास आल्यासारखा वाटला. खरंच आला की मीच आणला, देव जाणे. दिवसभर हरखून होते. कपाटापाशी जाऊन पिशवीवरून नुसता हात फिरवला. थोडंच राहिलंय, म्हटलं.

२१ जानेवारी

जिना एका दमात चढवेना. मधल्या पायरीवर बसले. आई इथेच बसायची.

२४ जानेवारी

दवाखान्यात आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, नाकाला नळी आहे. काल सकाळी श्वासच पुरेना. बाबांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. मशीन आणि बाटली थैलीत टाकून सोबत आणली ती त्यांनीच. शहाणे ते!

छातीच्या डॉक्टरीण आल्या आणि त्यांनी आधी ती बाटली बघितली. मग म्हणाल्या, “जखमेवर फेस येतो ना, ती नुसती घाण निघत नसते हो. तिथल्या जिवंत पेशीही त्यात मरतात. ते तुम्ही फुफ्फुसात ओढलंत.”

“पण पातळ केलं होतं.”

“पातळ, कडक, दुकानातलं, कारखान्यातलं – फुफ्फुसात कुठलंच नाही! आत सूज आलीय. अजून चार दिवस केलं असतंत तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.”

चादर जिवंत नसते. एवढी साधी गोष्ट डाग काढणारीला कळू नये!

“आणि वास?” मी विचारलं.

“त्यावर हे औषधच नाही. उलट नाकाच्या आतली जागा आधीच दुखावलेली, तिलाही चटका दिलात. इतका कसला हव्यास?”

मग सांगितलं. स्वेटर, पिशवी, गाठ, सगळं. बोलताना धाप लागत होती. “मला एकदाच हवाय तो वास. एकदाच.” डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला – या खऱ्या डॉक्टरीणबाई. बाबा खिडकीतून खाली गाड्या बघत राहिले.

२ फेब्रुवारी

घरी. आमची डॉक्टरीणबाई भेटायला आली. रडून रडून नाक लाल. स्वतःच्या खोकल्यासाठी भरून ठेवलेली बाटली मोरीत ओतून आले, म्हणाली. मी रागावणार होते, पण दम नव्हता. आणि व्हिडिओ तिनं पाहिला असेल, मास्क मीच चढवला होता.

१० फेब्रुवारी

नाकाचा व्यायाम दिलाय. रोज लिंबू, लवंग, कॉफी हुंगायची, डोळे मिटून आठवायची. येईलच असं नाही, पण बऱ्याच जणांचं येतं. बाबा मास्तर झालेत. लवंग धरतात आणि म्हणतात, “ओळख! तिखट असते, काळी असते...” अहो, मग काय राहिलं ओळखायचं!

१ मार्च

आज बाबा एकदम म्हणाले, “त्या पिशवीचा नाद सोड आता.”

“का?”

“उगाच. माणूस काय पिशवीत असतं?”

मला राग आला. तुम्हाला आठवण येत नाही म्हणून मलाही येऊ नये का! असं बोललेही. ते उठून गॅलरीत गेले.

१८ मार्च

लिंबू! अगदी पुसट, पण लिंबूच!

४ एप्रिल

कांदा करपला आणि बाबांच्या आधी मला कळलं! करपलेल्या कांद्याला इतकं प्रेमानं कुणी हुंगलं नसेल. उद्या सुट्टी आहे. उद्या पिशवी.

५ एप्रिल

गाठ सोडली. साबण. नुसता साबण.

बाह्या आटलेल्या, लोकर दाटून आलेली. गरम पाण्यात धुतलाय.

बाबा दारात उभे होते. “तापात तू तो अंगात घालून झोपायचीस. तुला शुद्ध नव्हती. घामानं भिजायचा आणि घरभर तिचा वास सुटायचा. मला वाटायचं, आत तीच झोपलीय. नाही सहन झालं गं. धुतला आणि परत तशीच गाठ मारून ठेवला.”

साबण आमच्याच लाँड्रीतला, मीच घरी आणलेला. नाक अगदी बरं झालंय.