चित्राला घातलेला हार

शनिवार, ९ डिसेंबर

उद्या सकाळी बाबांना दवाखान्यात दाखल करायचंय, सोमवारी बायपास, आणि आजच हे व्हायचं होतं?

आमच्या खडकीतल्या नवोदित चित्रकारांचं प्रदर्शन. हिंजवडीची नोकरी सांभाळून रविवारी रविवारी रंगवलेलं माझं पहिलंच चित्र टांगलं होतं: निळ्या चौकडीच्या शर्टातले बाबा. उद्घाटनाला सरस्वतीसाठी आणलेल्या हारांपैकी एक उरला, तो सजावट बघणाऱ्या काकूंनी सरळ बाबांच्या चित्राला घातला. वर मला हळूच म्हणाल्या, "कधी गेले गं?"

बाबा माझ्या मागेच उभे. "अहो, जायचोय अजून. सोमवारी बघू," म्हणाले. सगळे हसले. मी हार ओढला, तर तो तुटला. तुटायला नको होता. मी असलं काही मानत नाही. मानत नाही, तर तो हार पिशवीत भरून घरी का आणला? कचऱ्यात टाकवेना, देवापुढेही ठेववेना.

बाबा रिक्षातही थट्टाच करत होते. जेवताना भात मागून घेतला. म्हटलं, हे काही घाबरलेले नाहीत, मीच मूर्ख.

आत्ता त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेले. चित्रातला तोच निळा शर्ट त्यांनी उद्यासाठी आज सकाळीच इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता.

खुर्चीवर आता तपकिरी शर्ट आहे. निळा कुठेच दिसत नाही.