आतून कडी नसलेल्या खोलीतली माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारा, काकांच्या कारखान्यातला कॉलेज अर्धवट सोडलेला पुतण्या, लिहून ठेवतो की माझं डोकं तापलेलं असलं तरी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. फक्त दार बंद आहे.

खोली दुहेरी पत्र्याची. आतला आवाज बाहेर जात नाही, फोनची रेंज आत येत नाही, बांधलीच त्यासाठी. दार आतून ज्या कडीनं उघडतं ती मीच उपटली, कारण ती थरथरायची आणि थरथर माझ्या पेटीच्या मोजणीत उमटायची. कडी आता बाहेर, पडद्यावर मोजणी बघत बसणाऱ्या मुलीच्या, आमच्या मोजणीवालीच्या टेबलावर. हवेचा पंखाही मीच बंद केला. दारावरची ‘मोजणी चालू, उघडू नये’ ही पाटी माझ्याच अक्षरातली. काल तिनं चहा द्यायला दार उघडलं, तर मी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलो. ती शांतपणे म्हणाली, “आता आत मेलास तरी उघडणार नाही.” ती शब्दाची पक्की आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम एक. माझी पेटी काकांना. अचूक घड्याळाच्या पोटातला ठोके देणारा ऑसिलेटर जरा ढळला, की ही पेटी त्याची वारंवारता आणि फेज, म्हणजे ठोक्यांचा वेग आणि ठोका पडण्याची वेळ, केसभर सरकवून त्याला जागेवर आणते. सरकवणं कोणालाही जमेल. सरकवताना स्वतःची खरखर मिसळायची नाही, ही खरी मेख. आजची मोजणी अखंड पार पडली तर गिऱ्हाईक पेटी घेईल. नाहीतर काका म्हणालेच आहेत, कारखान्याला कुलूप आणि तू परत कॉलेजात.

कलम दोन. सायकल धाकट्या बहिणीला. तशीही तिनंच पळवली आहे.

कलम तीन. या पेटीचा पहिला जळालेला बोर्ड कॉलेजच्या सरांना. “हे तुझ्या बापाच्यानंही होणार नाही,” असं ते भर वर्गात म्हणाले आणि मी वही आपटून निघालो ते निघालोच. त्यांच्यासाठी माफी ठेवलेली नाही. बोर्ड ठेवला आहे.

कलम चार. मोजणीवालीला एक वाक्य. वर्षभर जिभेवर आहे. इथे लिहीत नाही, साक्षीदार वाचतील.

हवा जड झाली आहे, घामानं शाई फुटते आहे. इथून बाहेर एकच वायर जाते, तिच्या पडद्यावर. मी पेटीचं बटण फिरवलं की तिथली सरळ रेघ हलेल आणि मोजणी मातीत जाईल. नुसती हलली तर तिला वाटेल पेटी बिघडली. पण वाट बघताना ती टेबलावर बोटांनी एक ठेका धरते, नेहमी तोच. रेघ त्याच ठेक्यावर नाचवली तर ओळखेल. ओळखून बसूनही राहील कदाचित.

फिरवतो. कलम एक रद्द.

सही: पुतण्या
स्थळ: पत्र्याची खोली
तारीख: साक्षीदारांनी घालावी. घड्याळ बाहेर आहे.

साक्षीदार:
१. काका. डोकं ठिकाणावर असल्याची साक्ष देता येत नाही. बाकीला सही. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं ते उद्या बघू.
२. मोजणीवाली. दार मी उघडलं. कडी बसवल्याशिवाय हा पुन्हा आत जाणार नाही. कलम चार अपुरं आहे. वारसाला ते तोंडी हवं. तारीख आजचीच.