टॅपेटचा आवाज

धुळे, ३ फेब्रुवारी १९५६
मोहनलाल शेठची जुनी गाडी आज पुन्हा गॅरेजात! त्यांचा ड्रायव्हर निंबा हटूनच बसला — "शालिग्रामभाऊ, इंजिनमा टक-टक येस. नीट आयका ना." लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली. काही नाही. झाकण काढायचीही गरज वाटली नाही. अख्खं धुळं माझ्या कानावर गाड्या सोपवतं, आणि हा मला शिकवतो!
शेठ समोरच होते. म्हणालो, "इंजिन ठणठणीत आहे. तुमच्या ड्रायव्हरचेच कान वाजताहेत." सगळे हसले. निंबा नाही हसला.

८ फेब्रुवारी
शेठनी निंबाला कामावरून काढलं म्हणे. काम टाळायला गाडी गॅरेजात घालतो, म्हणून. जरा वाईट वाटलं. जरासंच.

१८ फेब्रुवारी
शेठची गाडी कन्नडच्या घाटात चढेना. ट्रकला बांधून इथवर आणली. नवा ड्रायव्हर म्हणाला, "आवाज तर मी आलो तेव्हापासून आहे." मला अजूनही आला नाही!
झाकण काढलं. हँडलने इंजिन हळूहळू फिरवलं. व्हॉल्व्ह उघडणारे सगळे रॉकर पुरते उठतात — एकच जेमतेम हलतो. त्याला खालून ढकलणारा टॅपेट काढला. तळाला खड्डेच खड्डे. टॅपेटला उचलणारा कॅमशाफ्टवरचा उंचवटा घासून सपाट. तेलात लोखंडाचा चुरा. व्हॉल्व्ह पुरता उघडतच नव्हता, गाडी चढणार कशी?
ही झीज एका दिवसाची नव्हे. निंबा खरं सांगत होता. त्या दिवशी झाकण काढून नुसतं बघितलं असतं तर...
जेवताना बायकोला, ताईबाईला विचारलं — मला कमी ऐकू येतं का गं? वाढता वाढता तिचा हात थांबला. "दिवाळीच्या आधीपासून. म्हणून तर मी समोर येऊन बोलते. तुम्हाला सांगायचं कसं?"

१९ फेब्रुवारी
गॅरेजातल्या एकेका गाडीला पेचकस लावून ऐकलं.

२१ फेब्रुवारी
शेठना सगळं सांगितलं. निंबाला परत घ्या, म्हणालो. "आता नवा ठेवला, भाऊ. त्याचा काय गुन्हा?" झालं! बरोबरच आहे त्यांचं.
मग देवपुरात निंबाच्या घरी गेलो. त्याची बायको बेबाबाई दारातच उभी. "त्या घर नहीत. चाळीसगावले ट्रकवर शेतस." निंबा आता चाळीसगावला ट्रक चालवतो म्हणे. पाणीसुद्धा विचारलं नाही. का विचारावं?

२६ फेब्रुवारी
चाळीसगावला गेलो. कापसाच्या ट्रकवर निंबा भेटला. वाळलाय. इंजिन चालू, निघायची घाई. खालूनच ओरडलो — "निंबा, चुकलो मी. कॅमशाफ्ट झिजला होता. तुझंच खरं होतं, माझेच कान गेलेत!" तो खिडकीतून खाली वाकला. मग काहीतरी बोलला. त्या घरघरीत अक्षर कळलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. मान डोलावली, "हां, हां" म्हणालो. ट्रक गेला.
शिवी दिली असेल, तर तीही कबूल केली मी!

२७ फेब्रुवारी
सकाळी दारात निंबा. धुतलेला सदरा. "चला भाऊ. काल इचारं ना मी — जळगावले कानना डॉक्टरकडे लई जाऊ का? तुम्ही हां म्हननात."
ताईबाईने माझी टोपी आणून दिली.